गॅलॉडेट विद्यापीठातील अध्यक्षनिवडीचे आंदोलन

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या बधिरांच्या विद्यापीठात, अध्यक्षपदी बधिर व्यक्तीचीच नेमणूक व्हावी या मागणीसाठी विद्यार्थ्यांनी मार्च १९८८ मध्ये उभारलेले आणि आठवड्याभरात फलद्रूप झालेले आंदोलन. ‘डेफ प्रेसिडेंट नाऊ’ या घोषणेच्या नावानेच ते ओळखले जाते. अमेरिकेतील विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे आपल्याकडील कुलगुरूच. मात्र महाराष्ट्रात ही नेमणूक शोधसमितीने सुचविलेल्या नावांतून कुलपती या नात्याने राज्यपाल करतात, तर गॅलॉडेटमध्ये ती विश्वस्त मंडळाच्या अखत्यारीतली बाब आहे.

या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार १८६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बहाल केला व त्या विधेयकावर अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी स्वाक्षरी केली. विद्यापीठाचा दर्जा मात्र १९८६ मध्ये मिळाला. या सव्वाशे वर्षांच्या अवधीत होऊन गेलेले सहाही अध्यक्ष ऐकू येणारे होते, आणि २१ विश्वस्तांपैकी बधिर केवळ ४ होते. १९८७ मध्ये अध्यक्ष जेरी ली यांनी राजीनामा दिल्यावर अंतिम निवडीसाठी तीन नावे उरली : विद्यापीठातच कला व विज्ञान महाविद्यालयाचे अधिष्ठाता असलेले आय. किंग जॉर्डन, लुइझियाना येथील बधिर विद्यालयाचे प्रमुख हार्वे कॉर्सन, आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो शाखेतील एलिझाबेथ झिन्सर. पहिले दोघे बधिर. तिसऱ्या बाईंना ऐकू येत होते, पण खुणांची भाषा येत नव्हती.

निर्णयापूर्वीच, १ मार्च रोजी, माजी विद्यार्थ्यांतील काही उत्साही तरुणांच्या पुढाकाराने विद्यापीठाच्या आवारात मोठी सभा भरली होती. म्हणजे मंडळाला लोकमताचा अंदाज नव्हता असे म्हणता येत नाही. असे असूनही ६ मार्चच्या संध्याकाळी झिन्सर यांची निवड जाहीर झाली, आणि तीही कोणी विश्वस्ताने समोर येऊन सांगितली नाही, तर छापील पत्रके वाटून कळविण्यात आली. विद्यापीठाला प्रथमच स्त्री अध्यक्ष लाभल्याचा गौरवाचा मजकूर असलेली ती पत्रके संतप्त विद्यार्थ्यांनी जाळली आणि विश्वस्तांचा मुक्काम असलेल्या मेफ्लॉवर हॉटेलवर ते रात्रीच चालून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी विद्यापीठाच्या बसगाड्या फाटकांशी आडव्या उभ्या करून त्यांच्या चाकांतील हवा सोडली, आणि कारभार ठप्प झाला.

त्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षा जेन बॅसेट स्पिलमन विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी सभागृहात आल्या तेव्हा घडलेला प्रसंग या वादाचे मर्म जाणण्यास पुरेसा आहे. आगीची सूचना देणारी घंटा कोणीतरी वाजवली. एवढ्या गोंगाटात बोलणे कठीण आहे अशी तक्रार स्पिलमनबाईंनी केली. आणि ज्यांना तो गोंगाट मुळी ऐकूच येत नव्हता अशा श्रोत्यांनी, तुम्हांला खुणांची भाषा येत असती तर तुमचे म्हणणे आम्हांला कळले असते, असा जबाब दिला. बहुतेक श्रोते त्यापूर्वीच उठून जाऊ लागले होते.

ग्रेग लिबॉक, टिम रॅरस, जेरी कोव्हेल व ब्रिजेटा बोर्न या विद्यार्थिनेत्यांच्या मागणीनाम्यात चार कलमे होती : झिन्सर यांनी पद सोडावे व बधिर अध्यक्ष नेमावा, स्पिलमन यांनी राजीनामा द्यावा, विश्वस्त मंडळात बधिरांचे ५१ टक्के बहुमत असावे, आणि आंदोलनात भाग घेणाऱ्या कोणावरही सूड उगवू नये. लोकांच्या स्मरणात पहिले कलम राहिले. वस्तुतः सर्वांत दूरगामी होते ते तिसरे. या विद्यार्थ्यांनी निवडीत स्वतःसाठी मत मागितले नाही, मत देणारे कोण असावेत हे ठरविण्याचा हक्क मागितला, आणि या प्रकरणाचे वेगळेपण माझ्या मते येथेच आहे. एरव्ही विद्यार्थ्यांना समितीत एखादी जागा देऊन त्यांची बोळवण करता येते. येथे तसली तडजोड पुढे करण्यासही वाव उरला नाही.

प्राध्यापकवर्गाने विद्यार्थ्यांची बाजू घेतली. जॉर्डन यांनी प्रथम झिन्सर यांना जाहीर पाठिंबा दिला होता. १० मार्च रोजी तो त्यांनी मागे घेतला आणि त्याच दिवशी झिन्सरही पायउतार झाल्या. ११ मार्चला मोर्चा काँग्रेसच्या भवनावर गेला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्वप्नाची आठवण देणारा फलक अग्रभागी होता. १३ मार्च रोजी मंडळाने चारही मागण्या मान्य केल्या, जॉर्डन अध्यक्ष झाले आणि स्पिलमन यांच्या जागी फिलिप ब्रेव्हिन हे बधिर विश्वस्त मंडळाचे प्रमुख झाले. एकविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात श्रवणशक्ती गमावलेले जॉर्डन पुढे २००६ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांच्या उत्तराधिकारी म्हणून मे २००६ मध्ये जेन फर्नांडिस यांची निवड झाली. मंडळात आता बधिरांचे बहुमत होते आणि फर्नांडिस जन्मतः बधिर होत्या, सबब १९८८ च्या मागणीनाम्यानुसार तक्रारीस जागा उरली नव्हती. तरीही विद्यार्थी पुन्हा उठले. खुणांची भाषा फर्नांडिस तेविसाव्या वर्षी शिकल्या होत्या, आणि आपल्याला पुरेसे बधिर मानले जात नाही, अशी त्यांची कैफियत होती. आंदोलकांनी ती साफ नाकारून त्यांच्या कारभाराच्या पद्धतीवर व निवडीच्या प्रक्रियेवर बोट ठेवले. ऑक्टोबरमध्ये फाटके पुन्हा अडविण्यात आली व १३ तारखेला शंभराहून अधिक जणांना अटक झाली. आंदोलनाच्या बळावर अध्यक्षपदी आलेल्या जॉर्डन यांच्याच अमदानीत ही अटक व्हावी, याची टोचणी अनेकांना लागली. २९ ऑक्टोबर २००६ रोजी मंडळाने फर्नांडिस यांची नेमणूक रद्द केली आणि पुढे कारभार रॉबर्ट डाविला यांच्याकडे सोपविला. विद्यापीठाच्या पहिल्या बधिर स्त्री अध्यक्ष रॉबर्टा कॉर्डानो २०१६ मध्ये रुजू झाल्या.