इंजिनाचा ठोका आणि चुकीचा आरोपी

पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडरसारखी कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी टॉप गिअरमध्येच ठेवून चढ चढवायला गेलात, की कधीकधी बॉनेटखालून एक आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात छर्रे टाकून हलवावेत तसा. इंग्रजीत याला पिंगिंग म्हणतात, आपल्याकडे सरळ नॉकिंग. जाणता मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करतो, डिस्ट्रिब्युटर अगदी किंचित फिरवतो, बोल्ट पुन्हा आवळतो. ठिणगी थोडी उशिरा पडायला लागते आणि आवाज जातो.

आता मला सांगा, दोष कशाचा होता? बहुतेक जण म्हणतील, टायमिंगचा. टायमिंग बदललं आणि आवाज गेला, म्हणजे झालंच की सिद्ध! संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांनी नेमकं इथे थांबायला हवं, कारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले भलेभले इंजिनियर याच तर्कावर अडकून बसले होते.

त्या काळच्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, ठिणगीची वेळ बदलायची दांडी स्टिअरिंगपाशीच असायची. चढ आला, इंजिन ठोकायला लागलं, की ड्रायव्हरच दांडी ओढून ठिणगी मागे घ्यायचा. म्हणजे ट्यूनिंग हे गॅरेजचं काम नव्हतंच, ते गाडी चालवण्याचा भाग होतं. अशात चार्ल्स केटरिंग या ओहायोतल्या डेटन गावच्या इंजिनियरने कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलसाठी इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आणि बॅटरीवरचं इग्निशन दिलं. पुढे गाड्या ठोकायला लागल्या तेव्हा बोट आपसूक त्याच्याकडे गेलं. नवी गोष्ट इग्निशनची आणि तक्रारही इग्निशनचीच वाटते, मग दुसरा आरोपी शोधतो कोण?

त्याच वर्षांत आणखी एक बदल होत होता, पण तो डोळ्यांना दिसणारा नव्हता. गाड्या भराभर वाढल्या, तेवढं हलकं पेट्रोल पुरेना, म्हणून तेल कंपन्या त्यात जड अंश मिसळू लागल्या. इंधन बदललं होतं, नाव मात्र तेच राहिलं. (कुठल्याही प्रयोगात ‘तेच रसायन, तीच बाटली’ असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं, की मला हे आठवतं.)

केटरिंगने १९१६ मध्ये हे काम थॉमस मिजली या तरुण मेकॅनिकल इंजिनियरकडे सोपवलं. मिजलीने पहिलं चांगलं काम केलं ते म्हणजे आवाजावर विसंबून न राहता सिलिंडरमधला दाब मोजला. दाबाने हलणारा छोटा आरसा आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशबिंदू, अशी ती जुळणी होती. आलेखात दिसलं ते असं: ठिणगी पडते, दाब नीट चढायला लागतो, आणि त्यानंतर एकदम सुळका येतो. ठोका ठिणगीच्या आधी नव्हे, नंतर पडत होता. म्हणजे तापलेल्या कार्बनच्या कणामुळे मिश्रण आधीच पेटणं, ज्याला प्रिइग्निशन म्हणतात, ते हे नव्हतं. इंग्लंडमध्ये केंब्रिजला बर्ट्रम हॉपकिन्सन आणि त्यांचा विद्यार्थी हॅरी रिकार्डो यांनीही या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं ओळखलं होतं.

मग होतं काय? ठिणगीपासून ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती पुढे सरकते तशी जळलेली हवा फुगते आणि टोकाला उरलेलं न जळलेलं मिश्रण दाबते, तापवते. ज्योत तिथे पोचेपर्यंत त्या मिश्रणाने दम धरला, तर सगळं शांत. नाही धरला, तर ते सगळं एकदम आपोआप पेटतं आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर सेकंदाला काही हजार वेळा आपटतात. तीच ती टिणटिण.

आता मिस्त्रीकडे परत या. त्याने ठिणगी उशिरा पाडली, त्यामुळे सर्वाधिक दाब पिस्टन खाली निघाल्यावर येऊ लागला, म्हणजे तो दाबच मुळात कमी झाला आणि टोकाच्या मिश्रणावरचा ताण उतरला. उपाय खरा आहे. पण तो लागू पडला याचा अर्थ मूळ कारण टायमिंग होतं, असा होत नाही. तोच ठोका चांगलं पेट्रोल घालूनही जातो, सिलिंडर हेडमधला कार्बन खरवडूनही जातो, रेडिएटर साफ करूनही जातो. क्रोसिनने ताप उतरतो म्हणून ताप क्रोसिनच्या अभावामुळे आला, असं आपण म्हणत नाही. प्रयोगशाळेत मात्र ही चूक सर्रास होते.

यापुढची गोष्ट तर मला पद्धतशास्त्राच्या तासाला सांगावीशी वाटते. केटरिंग आणि मिजलीचा समज असा झाला की इंधन नीट वाफ होत नाही म्हणून ठोकतं. ट्रेलिंग आर्ब्युटस नावाचं एक रानफूल बर्फातही लवकर फुलतं, त्याच्या पानांची मागची बाजू लालसर असते. मग लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल, तर इंधनच लाल करून बघू! हाताशी लाल रंग नव्हता, आयोडीन होतं. ते रॉकेलमध्ये टाकलं आणि ठोका थांबला.

तुम्ही असता तर इथेच पेपर लिहायला घेतला असता ना? मिजलीने पुढे दोन साधे प्रयोग केले. आयोडीन नसलेले खरे लाल रंग टाकून पाहिले: काही फरक नाही. मग एथिल आयोडाइड, आयोडीन असलेलं पण रंगहीन द्रव्य, टाकून पाहिलं: ठोका बंद. दोन चाचण्यांत लाल रंगाची कल्पना मेली आणि खरा प्रश्न हाती आला, की इंधनाच्या रसायनात असं काय आहे? कल्पना चुकीची असणं फारसं बिघडवत नाही, ती मारायचा प्रयोग न करणं बिघडवतं.

आयोडीन महाग, शिवाय धातूला खाणारं. पुढची काही वर्षं मिजली, टी. ए. बॉइड आणि सहकाऱ्यांनी एकामागून एक पदार्थ तपासले. अॅनिलिन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं, ज्याचा वास अंगातून जाता जात नाही. शेवटी आवर्तसारणीच्या आधाराने शोधत ९ डिसेंबर १९२१ रोजी ते टेट्राएथिल लेडपाशी पोचले. गॅलनला सुमारे ३ घनसेंटिमीटर पुरत होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनला ते विकायला आलं, ‘एथिल’ या नावाने. नावातून शिसं गायब.

शिसं विषारी आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, असं समजू नका. ते जुनं ज्ञान होतं. मिजलीला स्वतःलाच १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेमुळे विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावं लागलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ५ कामगार मेले, तेव्हा याच मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतून घेतलं आणि हुंगून दाखवलं. १९२५ च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत अॅलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट विरोध केला, पण नेमलेल्या समितीला बंदीसाठी पुरेसं कारण दिसलं नाही. पुढचा अभ्यास व्हावा असं समितीने म्हटलं होतं. तो कित्येक दशकं मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर झाला. क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये शिशाची ‘नेहमीची’ मानली जाणारी पातळी मुळात नैसर्गिक नाहीच असं दाखवलं, तोवर दोन पिढ्या ती हवा घेत मोठ्या झाल्या होत्या. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

मला यात सर्वात खुपतं ते हे, की अल्कोहोल मिसळलं तरी ठोका थांबतो, हे मिजलीच्या गटाला माहीत होतं. पण ते बरंच जास्त घालावं लागे, आणि अल्कोहोल या पदार्थावर कुणाची मालकी नव्हती. आयोडीनच्या बाबतीत इतकी कसून उलटतपासणी करणाऱ्या लोकांनी शिशाच्या बाबतीत ती केली नाही. पद्धत तीच, माणसं तीच, फक्त प्रश्न गैरसोयीचा होता.

मोजमापाबद्दल थोडक्यात. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर यांनी आयसोऑक्टेनला १०० आणि साध्या हेप्टेनला ० धरून पट्टी सुचवली. फांद्या असलेला रेणू दम धरतो, सरळ साखळीचा लगेच तुटतो. पेट्रोल पंपावरचा ऑक्टेनचा आकडा तिथून आला.

आणि आज तेच अल्कोहोल आपल्या टाकीत आहे, २० टक्के इथेनॉल म्हणून. त्याचा ऑक्टेन उत्तम, त्यामुळे जुनी गाडी ठोकायला नको. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, कार्ब्युरेटरचे जेट मात्र शुद्ध पेट्रोलसाठी कापलेले असतात. इंजेक्शनवाल्या गाडीसारखा सेन्सर नसल्याने कार्ब्युरेटरला याचा पत्ता लागत नाही आणि मिश्रण पातळ होतं. पूर्ण थ्रॉटलवर जे जास्तीचं इंधन सिलिंडर थंड ठेवायचं, ते कमी पडतं. म्हणून अशी गाडी चढावर ठोकत असेल, तर डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी प्लग काढून बघा. पांढराफटक असेल, तर मिश्रण आधी तपासायचं. फिका तपकिरी असेल, तर व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पाइप आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं अडकलेली नाहीत ना हे बघून मगच टायमिंगला हात लावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.