वाहनउद्योग : कारखान्याचे स्थान आणि वाढ

मोटारीच्या कारखान्यात जुळणी होते ती हजारो सुट्या भागांची, आणि त्यांतले बरेचसे बाहेरच्या पुरवठादारांकडून येतात. त्यामुळे कारखान्याची जागा ठरवताना जमिनीच्या भावापेक्षा पुरवठादार, कुशल कामगार, रस्ते आणि बंदर यांचा हिशेब मोठा ठरतो. पुण्याजवळचा पिंपरी-चिंचवड-चाकण हा पट्टा त्याचे ठळक उदाहरण आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास महाराष्ट्रातील वाहननिर्मिती मुंबईत होती. प्रीमियर या मोटार कंपनीचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे विस्ताराला जागा उरली नाही. पुण्याजवळ मोकळी जमीन होती, मुंबईही हाकेच्या अंतरावर होती. शिवाय खडकीचे दारूगोळा कारखाने, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (1946) आणि 1854 पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे फिटर, टर्नर व अभियंते तयार होते. मोकळी जमीन अनेक ठिकाणी मिळाली असती. असे मनुष्यबळ मिळणे अवघड होते. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच दशकात आकुर्डीला बजाज ऑटो व बजाज टेम्पो, तर पिंपरीला टेल्को (आजची टाटा मोटर्स) यांनी पाय रोवले.

वाढीचे खरे इंजिन मात्र त्यानंतर सुरू झाले. पिंपरीशेजारच्या भोसरीतला लहान कारखानदार एकाच वेळी अनेक कंपन्यांना माल देऊ लागला. त्यामुळे त्याची महागडी यंत्रे रिकामी राहिली नाहीत आणि भागांचा दर उतरला. जवळच्या पुरवठादाराकडून माल वेळेवर येत असल्याने साठ्यात पैसा अडकला नाही. सदोष भाग त्याच दिवशी बदलून घेता आला. टेल्कोच्या प्रशिक्षण विभागात घडलेले कारागीर परिसरात पसरले. धातूचे घडीव भाग बनवणारी भारत फोर्ज (1961) आणि वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था (1966) पुण्यातच होती.

मर्सिडीझ-बेंझने 1990च्या दशकात टेल्कोच्या आवारातच जुळणी सुरू केली, आणि 2009 मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना काढला. त्याच वर्षी फोक्सवॅगनही चाकणला आली. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला, पण 2023 मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला: कंपनी गेली तरी स्थानाचे मोल उरले.

या एकवटण्याला मर्यादाही आहेत. जमीन महागते, रस्ते तुंबतात. चाकणची वाहतूककोंडी पुरवठ्याची वेळ चुकवते आणि जवळिकीचा लाभ खाते. पण असे जाळे दुसरीकडेही उभे राहू शकते: बजाजने 1985 मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला कारखाना काढला, तेव्हा तिथेही पुरवठादारांचे नवे जाळे विणले गेले.