आपला जलाशय व पंचक्रोशी

जीर्णोद्धार समितीने परिसराची माहिती लिहिण्याचे काम मजकडे सोपविले. मी लेखक नव्हे, तालुका कचेरीतला कारकून. तरी देणगीदार मंडळी दुरून येणार, त्यांना चार गोष्टी ठाऊक असाव्यात म्हणून हा प्रपंच.

आपला भंडारदऱ्याचा जलाशय निसर्गाने दिलेला नव्हे. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेला अडविण्याचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणास दिले. सुमारे २७० फूट उंचीचे दगडी धरण, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. या पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला. काठावर राहून माझ्या आईने मात्र वैशाखात हंडा घेऊन अर्धा डोंगर उतरावा, हेही येथे नमूद करतो.

पाहण्याजोगे पुष्कळ आहे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे हेमाडपंती देऊळ व त्याची पुष्करणी पाहिल्यावाचून कोणी परत जाऊ नये. आमच्या लहानपणी तेथे लाँचने जात असू. वल्हवलेले पाणी अंगावर आले की म्हातारी माणसे देवाचे नाव घेत. गडाच्या माथ्यावर नेढे आहे. धडधाकट मंडळींनी बारीहून कळसूबाई चढावी. उंची १६४६ मीटर, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात टाळावी. रंधा धबधबा दुरूनच पाहावा, काठचा खडक निसरडा असतो. धरणातून पाणी सोडले की खडकावरून छत्रीसारखे पसरते, ती शोभा मात्र नशिबाचा भाग!

काजव्यांविषयी थोडे अधिक लिहितो. मे अखेरीस, पाऊस तोंडावर आला की हिरडा, बेहडा, जांभूळ लुकलुकू लागतात. उडत चमकणारे बहुधा नर. माद्या खाली गवतात, झुडपांत बसून उत्तर देतात. पूर्वी आम्ही अंगणातून पाहत असू. हल्ली रात्री मोटारींची रांग लागते, दिव्यांच्या झोतात त्यांची खूण त्यांनाच दिसत नाही, आणि झाडाखाली गर्दी केली की पुढल्या सालचे काजवे पायाखाली जातात. दोन पैसे वाड्यांना मिळतात, हे मी नाकारीत नाही. माझ्याच पुतण्याचे तंबू आहेत, त्याच्याशी यावरून माझे दोनदा वाजले. यंदा त्याने झाडांभोवती दोरी बांधली.

पाहुण्यांनी गाड्या शाळेच्या पटांगणात लावाव्यात, दिवे मालवावेत व पायी यावे. वाट दाखवायला पोरे असतील.