कंट्रोलच्या तांदळातला वेगळा दाणा

"डॉक्टरसाहेब, कंट्रोलच्या तांदळात प्लास्टिक येऊन राह्यलं. मी तं वेचून कोंबड्यांना टाकते." वरोऱ्यात माझ्या दवाखान्यात हे मी अनेकदा ऐकलं आहे. तुम्हीही ते दाणे वेचत असाल, तर त्यामागची गोष्ट ऐका.

ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाणे पाडतात आणि १०० किलो तांदळात असे साधारण १ किलो मिसळतात. रंग जरा वेगळा असतो, काही दाणे पाण्यावर तरंगतात.

अन्नात असं काही घालणं नवीन नाही. वनस्पती तुपात 'अ' जीवनसत्त्व घालणं १९५३ पासून सक्तीचं आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. आयोडीनच्या मिठाने गलगंड कमी होतो हे कांगडा खोऱ्यात १९५६ पासून चाललेल्या अभ्यासातून दिसलं, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमही आला. तरी खाण्यासाठी साधं मीठ विकण्यावरची बंदी २००० मध्ये उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा लागली. सरकारचंच असं, मग लोकांना काय म्हणायचं!

तांदळाची प्रायोगिक योजना २०१९-२० मध्ये १५ राज्यांतल्या एकेका जिल्ह्यासाठी ठरली. महाराष्ट्रातून आपला शेजारी गडचिरोली निवडला गेला. पण 'प्लास्टिकच्या तांदळा'ची अफवा २०१७ मध्येच व्हॉट्सॲपवर फिरून गेली होती. त्यात आपला मुलूख धानाचा. एचएमटी वाण निवडून काढणारे दादाजी खोब्रागडे नागभीड तालुक्यातले. इथल्या बाईला सुपात वेगळा दाणा दिसणारच, आणि ती तो काढणारच. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. दाणा घरात आधी पोचला, माहिती मागून. मीही सुरुवातीला "काही होत नाही, खा" एवढंच सांगून मोकळा व्हायचो.

एक शंका मात्र खरी होती. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच, आणि लोह मिसळलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेल असलेल्यांनी ते खाऊ नये, असा इशारा छापणं २०१८ च्या नियमांनी बंधनकारक केलं होतं. कंट्रोलचं धान्य तर पोत्यातून पिशवीत येतं. लेबल वाचणार कोण? पुढे तज्ज्ञांच्या समितीने तपासून धोका नसल्याचं सांगितलं आणि जुलै २०२४ मध्ये तो इशारा काढला गेला.

हिशेब बघा. या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलीग्रॅम लोह असतं. दिवसाला २०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर ६ ते ८ मिलीग्रॅम मिळतं. गरोदर बाईच्या रोजच्या गोळीत ६० असतं. म्हणजे हा भात औषध नव्हे. हिमोग्लोबिन ७ वर आलं असेल तर नुसत्या भाताने भागणार नाही, तपासणी करून कारण शोधावं लागेल. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल, वारंवार रक्त चढवावं लागत असेल, तर भात खाऊ द्या. लोहाची गोळी मात्र मनाने सुरू करू नका. आधी फेरिटिन तपासून घ्या.