मेंदूची तीव्र इजा : रक्तपरीक्षा व फलानुमान

डोक्यास जबर मार बसून बेशुद्ध झालेला रुग्ण जगेल किंवा नाही आणि जगल्यास कितपत स्वावलंबी होईल, याविषयी आरंभीच बांधलेल्या अंदाजास फलानुमान म्हणतात. मेंदूच्या तीव्र इजेत ते मुख्यतः वय, हातापायांच्या हालचालींचा प्रतिसाद आणि डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रकाशास होणारी प्रतिक्रिया यांवरून करतात. ग्लुकोज, हीमोग्लोबिन, सोडियम, बिंबाणू व क्लथनकाल या रक्ताच्या नेहमीच्या परीक्षांना त्यात हळूहळू स्थान मिळत गेले.

मेंदूची इजा व रक्तातील बदल यांचा संबंध प्रथम प्रयोगशाळेत दिसून आला. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी १८४९ मध्ये सशाच्या मेंदूतील चौथ्या विवराच्या तळाशी सुईने टोचले असता त्याच्या मूत्रात साखर उतरते, असे दाखविले. तीव्र इजेनंतर ताणामुळे स्रवणारी हॉर्मोने यकृतातील ग्लायकोजेनाचे ग्लुकोजात रूपांतर घडवितात. त्यामुळे मधुमेह नसलेल्या रुग्णाच्या रक्तातही साखर वाढते. मेंदूच्या ऊतकात रक्तक्लथन सुरू करणारे द्रव्य विपुल असते. ऊतक नष्ट होताना ते रक्तात मिसळून क्लथनाचे घटक खर्ची पडतात, असे अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आढळले. हीमोग्लोबिन कमी असणे हे बहुधा शरीरात अन्यत्र झालेल्या रक्तस्रावाचे लक्षण असते. त्यामुळे मेंदूचा ऑक्सिजन-पुरवठाही घटतो.

या निरीक्षणांची तुलना करण्यास समान माप हवे होते. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये बेशुद्धीची मोजपट्टी मांडली. १९७५ मध्ये जेनेट व मायकेल बाँड यांनी परिणामाची मोजपट्टी दिली. पुढे २००८ मध्ये ‘इम्पॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने ११ अभ्यासांतील ८,५०९ रुग्णांच्या नोंदींवरून तीन पायऱ्यांचे गणित तयार केले. पहिल्या पायरीत वय, हालचालींचा प्रतिसाद व बाहुल्या, दुसरीत मुख्यतः सीटी छायाचित्रातील निष्कर्ष आणि तिसरीत ग्लुकोज व हीमोग्लोबिन आहेत. फलानुमानाचा बराचसा भार पहिल्या पायरीवरच असून रक्तपरीक्षांनी पडणारी भर मर्यादित आहे. त्याच वर्षी ‘क्रॅश’ चाचणीतील १०,००८ रुग्णांवरून केलेल्या गणितात अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वेगळी सूत्रे दिली गेली. कारण समान इजेचा परिणाम सर्व देशांत समान नसतो.

मुंबई परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर (नगरपरिषद १९८५, महानगरपालिका २००२) हे शहर पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग व मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांवर वसले आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ मध्ये दोन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. परळचे के. ई. एम. व शीवचे लोकमान्य टिळक ही रुग्णालये, तसेच दिल्ली व कोलकाता येथील प्रत्येकी एक रुग्णालय यांनी २०१३–१५ या काळात सुमारे १६,००० जखमींची नोंद केली. त्यांपैकी बरेच रुग्ण अन्य रुग्णालयांतून पाठविलेले होते. रक्ताची साधी परीक्षा लहान रुग्णालयातही होऊ शकते. सीटी यंत्र व मेंदूचे शल्यचिकित्सक मात्र सर्वत्र नसतात. परंतु वाटेत सलाईन दिल्यास रक्त विरल होऊन हीमोग्लोबिन घटलेले दिसते. म्हणून नमुना केव्हा घेतला हे आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

वाईट परिणाम सुचविणारा आकडा हा त्या परिणामाचे कारण असतोच असे नाही. अतिदक्षता विभागातील सर्व प्रकारच्या ६,१०४ रुग्णांवरील २००९ च्या चाचणीत रक्तशर्करा कठोरपणे खाली ठेवल्याने मृत्यू वाढले. डोक्याच्या इजेच्या २०० रुग्णांवरील २०१४ च्या अमेरिकी चाचणीत अधिक रक्त देऊन हीमोग्लोबिन उंच ठेवल्याचा फायदा आढळला नाही.

ही गणिते रुग्णसमूहाविषयी बोलतात. शंभरांपैकी किती दगावतील हे त्यांवरून कळते, समोरचा रुग्ण त्यांत मोडतो की नाही हे कळत नाही. आशा नाही असे समजून उपचार आखडते घेतल्यास भाकीत आपोआप खरे ठरते आणि पुढच्या गणितात पुरावा म्हणून नोंदले जाते. अतिदक्षता विभागातील खाटा अपुऱ्या असतात तेथे हा धोका अधिक. त्यामुळे आरंभीच्या रक्तपरीक्षेचा उपयोग उपचारांची निकड ठरविणे, नातेवाईकांना संभाव्यतेची कल्पना देणे आणि निरनिराळ्या रुग्णालयांतील परिणामांची न्याय्य तुलना करणे, एवढ्यापुरताच करणे योग्य होय.