मधला रूळ

मी आठ-दहा वर्षांचा असताना मामूंनी चोरबाजारातून खेळण्यातलं एक इंजिन आणलं. हिरवं, धातूचं, हातात घेतलं की चांगलंच जड. रूळ दुसऱ्या दुकानातले. रुळांवर ठेवून बटण दाबलं, तर इंजिन हलेना आणि ट्रान्सफॉर्मर तापला. मामू रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्यांनी इंजिन उलटं केलं, पोटाखालची पत्र्याची पट्टी पाहिली आणि म्हणाले, "अरे, याला तीन रूळ लागतात!"

इंजिन हॉर्नबी डब्लोचं होतं. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं ही गाडी १९३८ मध्ये बाजारात आणली. खऱ्या गाडीला दोन रूळ, मग खेळण्याला तीन का? विजेला यायला एक वाट लागते, जायला दुसरी. या इंजिनाची चाकं आणि आस सगळं धातूचं, म्हणजे दोन्ही बाजूंचे रूळ आपोआप जोडले जाणार. म्हणून वीज मधल्या रुळातून पट्टीवाटे वर घ्यायची आणि चाकांवाटे परत पाठवायची. दिसायला विचित्र, पण सोयीचं. रूळ वळवून परत त्याच रुळाला जोडले तरी शॉर्ट सर्किट होत नाही.

पुढे ट्रायअँगच्या स्वस्त गाड्या दोन रुळांवर धावू लागल्या. मेकॅनोनं दोन रुळांची गाडी काढली ती १९५९ मध्ये. उशीरच झाला म्हणायचा. १९६४ मध्ये ट्रायअँगच्या मालकांनी, लाइन्स ब्रदर्सनी, मेकॅनोच ताब्यात घेतली. पण घरोघरच्या जुन्या इंजिनांचं काय? मोटारी तर धडधाकट होत्या. हौशी लोकांनी मग पेचकस हाती घेतले.

मामूंनीही तेच केलं. पट्टी काढली. एका बाजूची सगळी चाकं उतरवून त्यांची भोकं मोठी केली आणि आत फायबरचे बुश बसवले. एक जरी चाक राहिलं तरी पुन्हा शॉर्ट! त्या चाकांना घासणारी पितळी तार मोटारीला जोडली. दुसरी बाजू होती तशीच. सहा रविवार गेले.

आजचे संग्राहक हे ऐकून कपाळाला हात लावतील. त्यांना इंजिन मूळ रूपातच हवं असतं. मला विचाराल तर, मुलासाठी आणलेलं इंजिन धावलंच पाहिजे.

ते धावलं. मी हरखून मागं डबा जोडला आणि सगळं बंद! डब्याची चाकंही धातूचीच होती. सातवा रविवार काही मामूंना मिळाला नाही. इंजिन एकटंच फिरायचं.