मत्तयची वंशावळ आणि आपलं खासरापत्रक

आजचा भाग बायबलवर आहे, पण सुरुवात बीडच्या तहसीलपासून करतो.

2023 ची दिवाळी आठवा. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळाचे फोटो कमी आणि कागदांचे फोटो जास्त येत होते. मनोज जरांगे पाटलांचं उपोषण होऊन गेलं होतं. 7 सप्टेंबरला शासन निर्णय निघाला होता, न्यायमूर्ती संदीप शिंदेंची समिती बसली होती, आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं उघडली जात होती. बीड 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात, त्यामुळे जुने कागद काही उर्दूत, काही मोडीत. वाचणारे शोधून आणावे लागत होते. खासरापत्रक, पाहणीपत्रक, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14... ज्या पोरांना काल सातबारा कळत नव्हता, ती पोरं हे शब्द चहाच्या टपरीवर वापरायला लागली.

पण नुसती 'कुणबी' नोंद सापडून भागत नाही. ती नोंद तुमच्याच खापरपणजोबाची आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी वंशावळ. आमच्याकडे तिथंच घोडं अडलं. कागदावर नुसतं नाव होतं, आडनाव नाही, आणि गावात त्या काळी त्याच नावाचे तीन जण. शेवटी आजीला विचारलं. आजीनं धडाधड सांगायला सुरुवात केली, पण कोणाची नावं? सुनांची! अमकी गेवराईकडची, तमकी आष्टीची, तिच्या पोटचे हे दोघं. चुलते वैतागले. "आई, बायकांची नावं नकोत, तिथं रकानाच नाही."

हा किस्सा मी ऑफिसमधल्या मित्राला सांगितला. तो नगरचा, ख्रिस्ती घरातला. तो हसला आणि म्हणाला, "आमच्या नव्या कराराचं पहिलं पानच वंशावळ आहे. आणि त्यात बायका आहेत." त्या रात्री मी मत्तयचं शुभवर्तमान उघडलं. मराठी भाषांतरातही शब्द तोच आहे, वंशावळ. हे पुस्तक मराठीत पहिल्यांदा छापलं गेलं 1805 मध्ये, बंगालात सेरामपूरला, विल्यम कॅरीच्या छापखान्यात. कॅरीला मराठी शिकवणाऱ्या पंडितांचं नाव होतं वैजनाथ. (परळीवाल्यांनो, कान टवकारू नका, ते आपल्याकडचे होते असं मी म्हणत नाहीये.) म्हणजे मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांमध्ये हे एक पुस्तक, आणि ते उघडलं की समोर नावांची रांग.

बहुतेक जण ही रांग स्क्रोल करून पुढे जातात. मीही गेलो असतो. पण डोक्यात तहसील होतं, म्हणून मी ती तलाठ्याच्या नजरेनं वाचली. आणि मंडळी, हा अर्ज नक्की परत आला असता.

मत्तय अब्राहामापासून येशूपर्यंत येतो आणि सांगतो की 14 पिढ्यांचे तीन टप्पे झाले. मोजा. शेवटच्या टप्प्यात नवी नावं 13 च निघतात, आधीचा यखन्या पुन्हा मोजला तरच 14 होतात. मधल्या टप्प्यात तर योरामानंतर थेट उज्जीया येतो. जुन्या करारातल्या इतिहासाच्या पुस्तकाशी ताडून बघितलं तर मध्ये तीन राजे गायब: अहज्या, योवाश, अमस्या. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर तीन रो डिलीट. 14 चा अट्टहास का? हिब्रूत अक्षरांना अंकांची किंमत असते. दावीद या नावाची तीन अक्षरं, 4 अधिक 6 अधिक 4. बेरीज 14. अनेक अभ्यासकांना वाटतं की मत्तय आकड्यातूनच सांगतोय, हा माणूस दावीद राजाच्या गादीचा वारस आहे. त्या काळच्या वंशावळीत 'मुलगा' म्हणजे नातू-पणतूही चालायचा, त्यामुळे पिढी गाळणं म्हणजे खोटेपणा असं त्याच्या वाचकांना वाटलं नसावं.

आता बायका. मरीयेच्या आधी चौघी आहेत. तामार: नवरा मेला, दिराशी लग्न लावून द्यायचा हक्क सासऱ्यानं डावलला, तेव्हा वेश्येचं सोंग घेऊन सासऱ्यापासूनच जुळी मुलं मिळवलेली सून. राहाब: यरीहोची वेश्या. रूथ: मवाबी, म्हणजे ज्या लोकांना दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत येऊ देऊ नका असा नियमशास्त्राचा हुकूम होता, त्यातली. आणि चौथीचं नावच नाही, ती फक्त 'उरीयाची बायको'. दावीदानं तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं, ते पाप मत्तयनं मृताचं नाव घेऊन वंशावळीत कोरून ठेवलंय. सारा, रिबका या मानाच्या आज्या सोडून हा नेमक्या याच घेतो. लोक वंशावळीतून डाग पुसतात, हा डाग शोधून आणतो. मला तरी ही चूक वाटत नाही, हे ठरवून केलेलं आहे.

सगळ्यात मोठी गोची शेवटी आहे. 'अमक्याला तमका झाला' असं म्हणत म्हणत रांग योसेफापर्यंत येते आणि तिथं वाक्यच बदलतं: योसेफ हा मरीयेचा नवरा, आणि येशू मरीयेच्या पोटी. म्हणजे जिथं रक्ताचं नातं दाखवायचं तिथंच ते नाही. मत्तयच्या हिशोबात योसेफानं मुलाचं नाव ठेवलं, त्याला आपलं म्हटलं, एवढं पुरतं.

लूकही एक यादी देतो, उलटी, येशूपासून थेट आदामापर्यंत, सत्तरहून जास्त नावांची. ती दावीदाच्या शलमोन नावाच्या मुलाकडून नाही तर नाथानकडून येते. योसेफाच्या बापाचं नाव मत्तयमध्ये याकोब, लूकमध्ये एली. यावर तिसऱ्या शतकातल्या ज्यूलियस आफ्रिकानसनं तोडगा दिला: याकोब आणि एली एका आईचे, वेगळ्या बापांचे भाऊ. एली निपुत्रिक वारला, रिवाजाप्रमाणे याकोबानं त्याच्या विधवेशी लग्न केलं. मग योसेफ रक्तानं याकोबाचा, कायद्यानं एलीचा. पुरावा नाही हे तो स्वतःच कबूल करतो. पण तोच आणखी एक गोष्ट सांगतो. हेरोद राजाचं स्वतःचं कूळ हलकं समजलं जायचं, म्हणून त्यानं ज्यूंची वंशावळींची सरकारी दप्तरंच जाळून टाकली. खरं-खोटं देव जाणे, पण अशी गोष्ट लोकांना पटत होती, यावरूनच दप्तराची किंमत कळते.

आणि ही किंमत चुकवणारे लोक बायबलमध्येच आहेत. एज्राचा दुसरा अध्याय. बाबेलच्या बंदिवासातून लोक यरुशलेमला परतले, इ.स.पू. 538 च्या सुमारास. याजकांच्या तीन घराण्यांनी आपली नोंद शोधली. सापडली नाही. त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून काढलं. त्यातल्या बर्जिल्लय घराण्याचा मूळ पुरुष घरजावई गेला होता आणि त्यानं बायकोच्या माहेरचं नाव लावलं होतं! अधिकाऱ्यानं सांगितलं, देवाचा कौल घेणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न खायचं नाही. म्हणजे आपल्या भाषेत, प्रकरण प्रलंबित. दुसरं घराणं हक्कोस. पुढं मरेमोथ नावाचा एक याजक मंदिराचं सोनंचांदी मोजून घेताना दिसतो, आणि नहेम्याच्या पुस्तकात तो हक्कोसच्या वंशातला आहे. त्यांची वैधता नंतर मिळाली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात.

हे वाचून मी मित्राला म्हटलं, तुमचं बरं आहे, तुम्हाला दाखल्याची भानगड नाही. तो गप्प झाला. त्याचे पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले, पणजोबांचे सख्खे भाऊ झाले नाहीत. दोन्ही शाखांची वंशावळ एकाच माणसापाशी जाते. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. त्याच्या चुलत्यांच्या नातवाला दाखला मिळतो, त्याला नाही. "माझ्याकडे नोंद आहे," तो म्हणाला, "मोडीतली नाही, चांगली देवनागरीतली. नोंद नसल्यामुळे नाही, असून नाही."

आमची फाईल अजून फिरतेय. पण मागच्या सुट्टीत मी आजीपुढे फोन ठेवला आणि म्हटलं, आता सांग सगळ्या सुनांची नावं. बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. मध्ये एका नावाशी ती थांबली, फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "हिचं बंद करून सांगते."